पोटोमॅककाठची चेरी: कलमांचा बहर आणि त्यामागची १४० वर्षे

वॉशिंग्टनला मुलाबाळांसह चेरीचा बहर पाहायला जायचे ठरले की पहिला घोळ तारखेचा होतो. मुलांची सुट्टी, तिकिटे, भारतातून येणारे आजी-आजोबा यांचा मेळ महिना-दोन महिने आधी घालावा लागतो. बहराचा भरवशाचा अंदाज मात्र जेमतेम दहा दिवस आधी हाती येतो. पोटोमॅक नदीलगतच्या टायडल बेसिन या जलाशयाच्या काठावरच्या योशिनो चेरीची ७० टक्के फुले उमलली की भर बहर आला असे नॅशनल पार्क सर्व्हिस ही सरकारी उद्यानसंस्था जाहीर करते. बहुतेक वर्षी तो मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा यांत येतो. पण १९९० मध्ये तो १५ मार्चला आला होता आणि १९५८ मध्ये १८ एप्रिलला. म्हणजे तब्बल महिन्याहून अधिक फरक!

सगळी झाडे एकदम फुलतात याचे कारण कलमात आहे. योशिनो, पूर्ण नावाने सोमेई-योशिनो, ही जात बियांपासून वाढवत नाहीत, कलम बांधूनच वाढवतात. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नाही, म्हणून कोकणात कलम बांधतात, तसेच हे. इथले प्रत्येक योशिनो झाड जनुकांनी दुसऱ्याची नक्कल असते, त्यामुळे ऊब लागली की सारी बरोबरच जागी होतात, आणि कडाक्याची थंडी पडली तर एकदमच पोळतात. २०१७ च्या मार्चमध्ये कळ्या फुगलेल्या असतानाच पारा घसरला आणि योशिनोची जवळपास निम्मी फुले गेली.

ही झाडे इथे यावीत, हा ध्यास एलायझा सिडमोर या लेखिकेचा. जपान पाहून परतल्यावर १८८५ मध्ये तिने पोटोमॅक नदीत भराव टाकून तयार झालेल्या जमिनीवर चेरी लावण्याची सूचना केली. अधिकारी बदलत गेले, नकार तोच राहिला, आणि ती २४ वर्षे मागणी करत राहिली. दरम्यान कृषी खात्याचे वनस्पतितज्ज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी १९०६ मध्ये योकोहामाहून १०० झाडे मागवून मेरीलँडमधल्या आपल्या जागेत लावली. ती तिथल्या हवेत तगतात हे दिसल्यावर १९०८ च्या वृक्षारोपण दिनी त्यांनी शहरातल्या शाळांमधल्या मुलांना रोपे दिली. १९०९ मध्ये सिडमोरने राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांना पत्र लिहिले आणि काम हलले. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने तेव्हा वॉशिंग्टनमध्येच होते. त्यांनी २,००० झाडे देऊ केली, आणि टोकियो शहराच्या नावाने ती भेट पाठवायचे ठरले.

ही पहिली खेप ६ जानेवारी १९१० ला पोहोचली. तपासणीत झाडांवर कीड, मुळांत सूत्रकृमी आणि रोग आढळले. २८ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ती जाळण्यात आली. भेट जाळणे ही राजनैतिकदृष्ट्या नाजूक गोष्ट होती, तरी टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी मनाला लावून न घेता दुसरी खेप तयार करवली. टोकियोतल्या आराकावा नदीकाठच्या नामांकित झाडांच्या काड्या घेतल्या आणि इतामी भागात मुद्दाम वाढवलेल्या निरोगी खुंटांवर त्यांची कलमे बांधली. १२ जातींची ३,०२० झाडे फेब्रुवारी १९१२ मध्ये ‘आवा मारू’ जहाजाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिॲटलकडे निघाली आणि तिथून वॉशिंग्टनला आली. त्यांत १,८०० योशिनो होती. २७ मार्च १९१२ ला हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी विस्काउंटेस चिंदा यांनी पहिली दोन झाडे लावली. आमच्या मते या बहराचा खरा पाया ही दुसऱ्या वेळची काळजी आहे.

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, ११ डिसेंबर १९४१ ला चार झाडे तोडलेली आढळली, आणि युद्धकाळात बहराचा महोत्सव बंद राहिला. युद्धानंतर आराकावाकाठची मूळ बागच खंगली होती, तेव्हा १९५२ मध्ये वॉशिंग्टनमधून काड्या परत जपानला गेल्या. लेकीने माहेर सावरले म्हणायचे!

अलीकडचा धोका पाण्याचा. बेसिनची जुनी संरक्षक भिंत खचल्यामुळे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा पायवाटेवर चढायचे आणि मुळांची हवा कोंडायची. त्यातच गर्दीच्या पायांखाली माती घट्ट होते. २०२४ मध्ये भिंतीच्या कामासाठी सुमारे दीडशे चेरीची झाडे काढावी लागली. त्यांच्या जागी २७४ नवी लावण्याचे ठरले.

बेसिनची पूर्ण फेरी सव्वातीन किलोमीटरच्या वर भरते, आणि भिंतीचे काम चालू असेल तिथे वाट वळवलेली असते. लहान मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर पूर्ण फेरीचा हट्ट नको. गाडी लावायला जागा मिळणे कठीण, म्हणून मेट्रोने स्मिथसोनियन स्थानकावर उतरून दहा-पंधरा मिनिटे चालावे. शक्यतो कामाच्या दिवशी, सूर्योदयाच्या सुमारास. निघण्याआधी कळ्यांची अवस्था पाहावी: हिरवी कळी, मग दिसू लागलेले फुलांचे तुरे, लांबलेले देठ, आणि शेवटी फुगीर पांढरी कळी. या शेवटच्या अवस्थेपासून भर बहर साधारण चार ते सहा दिवसांवर असतो. योशिनोचे फूल पाच पाकळ्यांचे, जवळजवळ पांढरे, बदामासारख्या मंद वासाचे असते. जोराच्या पावसावाऱ्यात ते टिकत नाही.

फांदी वाकवू किंवा तोडू नये. तोडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तुटल्या जागी रोग शिरतो. योशिनो हुकलीच तर दोन आठवड्यांनी ईस्ट पोटोमॅक पार्कात जावे. त्याच १२ जातींपैकी क्वांझान तिथे तेव्हा फुललेली असते: गर्द गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची, आणि गर्दीही बरीच कमी.