एका नॉबचे १२८ आकडे

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी कंट्रोलरचा, म्हणजे मिडी या संगीतयंत्रांच्या सामायिक भाषेत संदेश पाठवणाऱ्या नॉब-बटणांच्या फळीचा, नॉब जोडणे सोपे असते. ‘मिडी लर्न’ सुरू करायचे, पडद्यावरचे नियंत्रण निवडायचे आणि हातातला नॉब थोडासा फिरवायचा, की जोडणी झाली. पण एवढ्यावरच थांबले तर वाजवताना आवाज अचानक उसळी मारतो किंवा पायऱ्या पायऱ्यांनी सरकतो, आणि त्याचे कारण केबलमधून नेमके काय जाते यात दडलेले आहे.

केबलमधून जातात ते केवळ आकडे. समजा, १७६, ७४, ६४ असे तीन बाइट आले, तर पहिला सांगतो की हा पहिल्या चॅनेलवरचा नियंत्रणाचा संदेश आहे, दुसरा नियंत्रणाचा क्रमांक सांगतो आणि तिसरा नॉबची स्थिती. ७४ म्हणजे ठरावीक वारंवारितेच्या वरचा किंवा खालचा आवाज गाळणारा फिल्टर की तबल्याच्या ट्रॅकचा आवाज, हे ठरवणे सर्वस्वी सॉफ्टवेअरच्या हाती असते. १९८३ साली ठरलेल्या मिडीच्या मानकात बाइटमधला पहिला बिट ‘नवा संदेश सुरू झाला’ ही खूण करण्यासाठी राखलेला असल्यामुळे मूल्यासाठी सातच बिट उरतात. म्हणून नॉबची संपूर्ण फेरी ० ते १२७ अशा १२८ आकड्यांत बसवावी लागते.

हे आकडे पुरतात का? स्टीरिओत आवाज डावी-उजवीकडे नेण्यासाठी पुरतात. फिल्टरची गोष्ट मात्र वेगळी आहे. २० ते २०,००० हर्ट्झ हा पल्ला सरळ समान भागांत वाटला, तर प्रत्येक पायरी सुमारे १५७ हर्ट्झची होते. म्हणजे नॉब तळापासून जेमतेम हलताच फिल्टर तीन सप्तके ओलांडतो, आणि वरच्या टोकाला तेवढीच पायरी कानाला जाणवतही नाही. आपला कान वारंवारितेतील फरक नव्हे, तर गुणोत्तर ऐकतो. म्हणून अशा नियंत्रणासाठी लॉगरिदमिक, म्हणजे प्रत्येक पायरीला वारंवारिता समान पटीने वाढवणारा, वक्रच हवा. तो वापरला तरी १२७ पायऱ्यांत जवळजवळ दहा सप्तके बसवायची असल्याने एक पायरी साधारण सा ते कोमल रे एवढी पडते, आणि नॉब संथपणे फिरवताना ती ऐकू येऊ शकते. माझ्या मते यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे नॉबचा पल्लाच कमी करणे: २०० ते २,००० हर्ट्झ एवढाच ठेवला, तर पायरी त्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान होते. दोन संदेश जोडून १४ बिटांची, म्हणजे १६,३८४ आकड्यांची सोय मूळ मानकातच आहे, पण ती कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर या दोघांनाही समजावी लागते. २०२० साली स्वीकारलेल्या मिडी २.० मध्ये नियंत्रणाच्या मूल्यासाठी ३२ बिट मिळतात.

उसळीचे कारण निराळे आहे. पडद्यावरचे मूल्य १०० असते, हातातला नॉब मात्र कालच्या कामामुळे २० वर राहिलेला असतो. त्याला स्पर्श होताच सॉफ्टवेअर १०० वरून थेट २० च्या आसपास येते. ‘पिकअप’ पद्धतीत नॉब १०० ओलांडेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही. हे सुरक्षित आहे, पण गाणे चालू असताना थोडे अडचणीचे ठरते. अखंड फिरणारे एन्कोडर स्थिती पाठवतच नाहीत. ते फक्त ‘एक पाऊल पुढे’ किंवा ‘एक पाऊल मागे’ एवढेच कळवतात. त्यासाठी काही यंत्रे १ आणि १२७ हे आकडे वापरतात, तर काही ६५ आणि ६३. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत निवडायची राहून गेली, तर १ आणि १२७ हीच मूल्ये समजली जातात आणि नियंत्रण तळ आणि माथा यांच्यामध्ये उड्या मारू लागते.

मोटर असलेल्या फेडरवर, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या पट्टीवर, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सॉफ्टवेअर स्वतःच फेडरला पडद्यावरच्या जागी नेऊन ठेवते आणि बोट टेकताच मोटर माघार घेते. मॅकी कंट्रोल या अशा फेडरच्या फळ्यांसाठीच्या संदेशपद्धतीत तर फेडरची स्थिती ‘पिच बेंड’च्या संदेशातून पाठवली जाते, कारण स्वर वाकवण्यासाठी योजलेल्या त्या संदेशात सुरुवातीपासूनच १४ बिटांची जागा आहे.