टाइमस्टॅम्पनुसार संदेशवाटप

डेटा स्ट्रीमिंग प्रणालीत, म्हणजे नोंदी सतत वाहत्या ठेवणाऱ्या प्रणालीत, आलेला संदेश त्याच्यावरच्या वेळेच्या शिक्क्यावरून (टाइमस्टॅम्प) कोणत्या टॉपिकमध्ये (एका विषयाच्या संदेशांच्या नावाच्या प्रवाहात), तक्त्यात किंवा इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या सूचीत) टाकायचा हे ठरवण्याची पद्धत. ‘व्यवहार’ नावाच्या टॉपिकवरचे संदेश ‘व्यवहार-२०२५०२२८’, ‘व्यवहार-२०२५०३०१’ अशा तारीखवार कप्प्यांत विभागले जातात. त्यामुळे ठरावीक दिवसाचा शोध तेवढ्याच कप्प्यात घेता येतो आणि जुना डेटा काढताना एकेक नोंद न पुसता अख्खा कप्पा काढून टाकता येतो.

ही पद्धत अनेकांना परिचित आहे ती अपाची काफ्का या संदेश वाहून नेणाऱ्या प्रणालीमुळे. लिंक्डइनमध्ये तयार झालेली ही प्रणाली २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या तीन निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे मूळच्या पुण्याच्या. जे क्रेप्स आणि जुन राओ हे इतर दोघे. सुरुवातीला काफ्काच्या संदेशावर वेळ नसायची. ती २०१६ च्या ०.१० आवृत्तीत आली. पुढच्या वर्षी काफ्का कनेक्टमध्ये, म्हणजे काफ्काला इतर प्रणालींशी जोडणाऱ्या भागात, ‘टाइमस्टॅम्प राउटर’ आला. तो टॉपिकच्या नावाला तारीख जोडून संदेश पुढे पाठवतो.

मात्र कोणती वेळ धरायची हे आधी ठरवावे लागते. संदेश पाठवणाऱ्या यंत्राने घातलेली वेळ एक, आणि तो ब्रोकरवर (संदेश साठवणाऱ्या काफ्काच्या सर्व्हरवर) पोचला ती वेळ दुसरी. काफ्कात टॉपिकगणिक यांपैकी एक निवडता येते. पहिलीत घटना खरी कधी घडली ते कळते, पण यंत्राचे घड्याळ चुकले की वाटपही चुकते. दुसरी वेळ विश्वासार्ह असते. मात्र नेटवर्क तुटून तासाभराने आलेला संदेश तिच्या हिशेबी तासाभराने घडलेला ठरतो. टाइमस्टॅम्प राउटर संदेशाच्या पाकिटावरची वेळ पाहतो, आतला मजकूर उघडत नाही. मजकुरातल्या एखाद्या रकान्यातली वेळ वापरायची असेल, तर काफ्काच्या निर्मात्यांनी काढलेल्या कॉन्फ्लुएंट कंपनीने त्यासाठी वेगळा राउटर दिला आहे. पाकिटावर वेळच नसेल, तर काफ्काचा राउटर अंदाज करत नाही, सरळ त्रुटी देतो, आणि ते योग्यच आहे.

भारतात खरी अडचण येते ती दिवसाच्या सीमेवर. काफ्काचा राउटर तारीख काढताना युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतो आणि ती बदलायची सोय त्यात नाही. सर्व्हर मुंबईत असला तरी फरक पडत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्याने कप्पा रात्री बारा वाजता न बदलता पहाटे साडेपाचला बदलतो. इंदूरच्या सराफ्यात हे नेमके दिसते. दिवसा सोन्या-चांदीची असलेली ही पेठ रात्री दुकाने मिटली की खाऊगल्ली होते आणि मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असते. १ मार्चला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी कोणी भुट्ट्याच्या कीसाचे पैसे मोबाइलवरून दिले, तर युटीसीत तेव्हा २८ फेब्रुवारीचे १९:१० झालेले असतात. संदेश फेब्रुवारीच्या कप्प्यात जातो. ठेलेवाल्याला हे खटकणार नाही, कारण त्याच्या लेखी धंदा त्याच रात्रीचा. बँकेच्या विवरणात मात्र तोच व्यवहार १ मार्चचा असतो, आणि महिनाअखेरीचा ताळा जुळत नाही.

तासवार कप्प्यांत तर अर्ध्या तासाचाही घोळ होतो. युटीसीचा तास भारतात साडेनऊ ते साडेदहा असा पडतो, त्यामुळे दहा ते अकराची विक्री दोन कप्प्यांत विभागते. हा अर्धा तास १९०६ मध्ये स्वीकारलेल्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तातून आला.  

यावर काही जण टाइमस्टॅम्पमध्येच साडेपाच तास मिळवतात. हा उपाय टाळावा: कप्पा बरोबर येतो, पण पुढे वाचणाऱ्या प्रत्येकाला खोटी वेळ मिळते. व्यवहाराची भारतीय तारीख संदेशात वेगळ्या रकान्यात लिहून त्यावरून वाटप करणे अधिक स्वच्छ.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. काफ्का वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत मोजतो. कोणी सेकंद पाठवले, तर आजचे संदेश जानेवारी १९७० च्या कप्प्यात पडतात. तारखेच्या साच्यात (जसे yyyyMMdd) वर्षासाठी लहान ‘वाय’ऐवजी मोठा लिहिला, तर आठवड्यांवरून मोजलेले वर्ष येते आणि डिसेंबरअखेरचे काही दिवस पुढच्या वर्षात जातात. ही चूक वर्षभर लपून राहते.

संदेशांच्या क्रमाची हमी काफ्का फक्त एका पार्टिशनपुरती, म्हणजे टॉपिकच्या एका भागापुरती देतो. त्यामुळे एकाच ग्राहकाचे दोन कप्प्यांतले संदेश वाचताना क्रम वाचणाऱ्यालाच लावावा लागतो. अनेक क्लाउड सेवांत नवे टॉपिक आपोआप तयार होत नाहीत. तिथे उद्याचा कप्पा आजच बनवून ठेवावा लागतो, नाहीतर पहाटे साडेपाचला लेखन थांबते.