गुन्हेगारीशास्त्राचं शिक्षण (टिस, मुंबई)

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे क्रिमिनॉलॉजी म्हटलं की बहुतेकांना बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग आठवतात, पण ते फॉरेन्सिक, तो वेगळा कोर्स. इथे प्रश्न असे असतात की गुन्हा कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं, माणूस त्यात कसा ओढला जातो आणि पोलीस, कोर्ट, जेल हे सगळं त्याचं पुढे काय करतं.

मुंबईत हे शिकायचं तर टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1936 ला नागपाड्यात सुरू झालेली संस्था, आता देवनारला आहे. इथे हा विषय सोशल वर्कच्या एमएमध्ये शिकवला जातो आणि माझ्या मते त्याची खरी जागा तीच.

थिअरीत लोंब्रोसो येतोच. कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं सांगणारा इटलीचा डॉक्टर, त्याचं पुस्तक 1876 चं. पण आपल्याकडे त्याच्याही आधी, 1871 ला, इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 ला गेला, तरी आजही कुठे चोरी झाली की पोलीस आधी पारधी वस्तीवर जातात, त्यामुळे हा धडा नुसता इतिहास म्हणून वाचताच येत नाही.

खरा अभ्यास मात्र फील्डवर्कमध्ये होतो. टिसचाच 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून जेल आणि पोलीस स्टेशनमध्ये काम करतोय. जेलमध्ये गेलं की पहिल्यांदा कळतं की आतले बहुतेक लोक शिक्षा झालेले नाहीतच, कच्चे कैदी आहेत, 2022 च्या सरकारी आकड्यांत देशभरात जवळपास 76 टक्के. कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो पण जामीनदार मिळत नाही, रेशनकार्ड नाही, घरी कळवायला फोन नंबर पाठ नाही, म्हणून माणूस आतच. मग घर शोधायचं, कागद गोळा करायचे, लीगल एडच्या (म्हणजे सरकारकडून फुकट मिळणाऱ्या) वकिलामागे लागायचं. 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम 479 पण पाठ असावं लागतं: पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सुटका (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले सोडून). तारखा मोजून असा माणूस हुडकून काढणं हेसुद्धा क्रिमिनॉलॉजीच आहे.

पुढे नोकऱ्या संस्थांमध्ये, लीगल एडमध्ये, बालसुधारच्या कामात किंवा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे जेलऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा) म्हणून. पगार फार नसतो, हे ॲडमिशन घेण्याआधी घरी सांगून ठेवावं.