चंद्राचा फोटो: तिथी पाहून एक्स्पोजर

कोजागरीला काढलेल्या बहुतेक फोटोंत चंद्र म्हणजे काळ्या आकाशातला एक पांढरा ठिपका असतो. त्यावरचे डाग नाहीत, विवरं नाहीत. दोष कॅमेऱ्याचा नसतो, हिशेबाचा असतो. रात्र आहे, म्हणून उजेड जास्त आत घ्यायला हवा, असं आपण धरून चालतो आणि कॅमेऱ्याचा ऑटो मोडही तेच धरून चालतो. प्रत्यक्षात पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या चकतीच्या मध्यावर सूर्य डोक्यावर आलेला असतो. चंद्र आणि पृथ्वी सूर्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्यामुळे तिथलं ऊनही आपल्या दुपारच्या उन्हाइतकंच कडक असतं. म्हणजे फोटो काढायचा आहे तो उन्हात पडलेल्या खडकाचा.

लख्ख उन्हातल्या फोटोसाठी छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे: अ‍ॅपर्चर एफ/१६ (लेन्समधल्या छिद्राचं माप) ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या (फोटो किती उजळ करायचा, त्या सेटिंगच्या) आकड्याइतका. आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग, कॅमेऱ्यावरच्या ठरावीक आकड्यांत १/१२५. चंद्राला मात्र थोडं जास्त द्यावं लागतं. एक्स्पोजर मोजताना प्रमाण मानतात तो राखाडी रंग १८ टक्के उजेड परतवतो, तर चंद्राची जमीन सुमारे १२ टक्केच, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतका. शिवाय आपल्याला चंद्र राखाडी नाही, उजळ हवा असतो. त्यामुळे एक स्टॉप सैल करून पूर्ण चंद्रासाठी एफ/११, १/१२५, आयएसओ १०० ही सुरुवात धरावी.

स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मी पायरी. शटरचं गणित सरळ आहे, १/२५० मध्ये १/१२५ च्या निम्मा उजेड येतो. अ‍ॅपर्चरचे आकडे नवख्याला विचित्र वाटतात, कारण तो आकडा म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) भागिले छिद्राचा व्यास. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/८ म्हणजे ३७.५ मिलिमीटरचं छिद्र. आकडा वाढला की छिद्र लहान होतं. उजेड ठरतो तो छिद्राच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ दुप्पट व्हायला व्यास १.४ पटच वाढावा लागतो. म्हणून ४, ५.६, ८, ११, १६ अशी मालिका तयार होते. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटो एक स्टॉप उजळ होतो, पण सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच राहतो. मिळालेला संकेत फक्त मोठा केला जातो. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाच्या तीन टिचक्या मिळून एक स्टॉप होतो.

आता या तिघांची अदलाबदल. ३०० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हातात धरायची, तर हात हलल्याचा परिणाम दिसू नये म्हणून शटर १/५०० च्या आसपास लागतं. एफ/११ वरून एफ/८ वर आलो की एक स्टॉप मिळाला, शटर १/२५०. आयएसओ २०० केला, शटर १/५००. एक्स्पोजर होतं तेवढंच राहिलं. एफ/८ निवडण्याला आणखी एक कारण आहे. स्वस्त टेलिझूम पूर्ण उघडल्यावर थोडी मऊ होते, आणि एफ/१६ वर प्रकाशाच्या विवर्तनामुळे एकेक बिंदू सुमारे २१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकतीएवढा पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. पाच पिक्सेल व्यापणाऱ्या ठिपक्यातून विवराची कड रेखीव येणार नाही.

ऑटो मोड फसतो, कारण लाइट मीटर चौकटीतल्या एकूण उजेडाला मध्यम राखाडीवर आणू पाहतो आणि इथे चौकट जवळजवळ सगळी काळी असते. चंद्राच्या प्रतिमेचा व्यास फोकल लेंथच्या सुमारे ११० व्या भागाइतका असतो. ३०० मिलिमीटरला २.७ मिलिमीटर, म्हणजे एपीएस-सी चौकटीच्या रुंदीचा जेमतेम नववा हिस्सा. स्पॉट मीटरिंगचं, म्हणजे फक्त छोट्या भागाचा उजेड मोजणाऱ्या पद्धतीचं, वर्तुळही याहून मोठं असू शकतं, मग तेही काळं आकाश मोजतं. म्हणून मॅन्युअल मोडच वापरावा. मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ पाच-सहा मिलिमीटरच असते. तिथे चंद्र ०.०५ मिलिमीटरचा पडतो, आणि त्यात तपशील शोधण्यात अर्थ नाही.

तिथी कामाला येते ती इथे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. म्हणजे पंचांग चंद्राची कला थेट सांगतं: ९० अंशांचा अर्धा चंद्र शुद्ध अष्टमीच्या बरोबर मध्यावर. एफ/८ आणि आयएसओ २०० कायम ठेवून पौर्णिमेला १/५००, द्वादशी-त्रयोदशीला १/२५०, अष्टमीला १/१२५, चतुर्थी-पंचमीला १/६०. वद्य पक्षात हाच क्रम उलटा. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं, पण तो देतो सुमारे दहावा भागच. उजळलेली चकती निम्मी, म्हणजे तिचा प्रत्येक भाग सुमारे पाचपट मंद; म्हणून शटरमध्ये दोन स्टॉपचा फरक. पौर्णिमेला उजेड आपल्या पाठीमागून पडल्यासारखा असतो, त्यामुळे धुळीच्या कणांच्या आणि खडकांच्या सावल्या त्यांच्याच मागे दडतात. अष्टमीला ऊन बाजूने येतं आणि सावल्या उघड्या पडतात. याच सावल्यांमुळे विवरं पाहायची तर अष्टमीच चांगली. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं नीट हवी असतील तर एक स्टॉप आणखी द्यावा.

हे आकडे चंद्र आकाशात वर असतानाचे. संकष्टीला लोक पाहतात तो नुकताच उगवलेला चंद्र हवेच्या जाड थरातून दिसतो. त्याला एक ते तीन स्टॉप जास्त लागतात, किती ते धुरक्यावर अवलंबून.

ट्रायपॉड असेल तर शटरचं बटण दाबल्याचा धक्का टाळायला दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) घ्या, बहुतेक लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, लाइव्ह व्ह्यूमध्ये चंद्राची कड दहापट मोठी करून मॅन्युअल फोकस करा. फोटो काढल्यावर ओव्हरएक्स्पोजरचा इशारा पाहा. चकतीचा कुठलाही भाग लुकलुकत असेल तर शटर एक-दोन टिचक्या जलद करा. जळालेला पांढरा भाग रॉमधूनही परत येत नाही, थोडा काळसर भाग येतो.

शुद्ध द्वितीया-तृतीयेला कोरीच्या आतली अंधारी बाजूही अंधुक दिसते, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात. इथे गणित पालटतं. त्या बाजूसाठी एफ/५.६, आयएसओ ८०० ला सेकंदभर तरी शटर उघडं लागतं, आणि तेवढ्यात ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर चंद्र २२ मायक्रॉन, म्हणजे पाच-सहा पिक्सेल सरकतो. शटर १/४ वर आणायचं तर आयएसओ ३२०० करावा लागतो. उजेड कमी म्हणजे फोटॉन कमी. १०,००० फोटॉनमध्ये चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का, पण १०० फोटॉनमध्ये १० चा, म्हणजे दहा टक्के. तोच दाणेदारपणा म्हणून दिसतो. यावर उपाय म्हणजे १/४ सेकंदाचे वीस-तीस फोटो घेऊन संगणकावर चंद्र जुळवून त्यांची सरासरी काढणं. कोर मात्र या सगळ्यांत जळालेली असेल. तिच्यासाठी एफ/५.६, आयएसओ २०० ला १/६० चा वेगळा फोटो त्याच बैठकीत घेऊन ठेवावा.