कॅसिनोचा करार आणि जमिनीची संमती: अमेरिकी गव्हर्नरच्या दोन वेगळ्या सह्या

अमेरिकेतला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्य चालवतो. म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री डोळ्यांपुढे ठेवा. आदिवासी जमातीच्या कॅसिनोसाठी त्याच्यापुढे दोन कागद येऊ शकतात. बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘मंजुरी’ म्हणतात आणि घोळ होतो.

पहिला कागद कराराचा. स्लॉट मशीन, ब्लॅकजॅक असे तिसऱ्या वर्गातले खेळ १९८८ च्या इंडियन गेमिंग रेग्युलेटरी अ‍ॅक्टनुसार जमात आणि राज्य यांच्या कराराशिवाय चालवता येत नाहीत. मात्र राज्यातर्फे सही कोणी करायची, हे तो केंद्रीय कायदा सांगत नाही. ते राज्याच्या कायद्यावर ठरतं. न्यू मेक्सिकोत गव्हर्नर गॅरी जॉन्सन यांनी १९९५ मध्ये विधिमंडळाला वगळून करार केले. जमातींचे विषय पाहणाऱ्या केंद्राच्या इंटीरियर खात्याने ते मान्यही केले. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरला तो अधिकारच नव्हता असा निकाल दिला. १९९७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही बजावलं: सहीच अवैध असेल तर खात्याच्या मान्यतेने ती वैध होत नाही. ओक्लाहोमात २०२० साली गव्हर्नर केव्हिन स्टिट यांचे दोन करार असेच पडले. खात्याने ४५ दिवसांत निर्णय न दिल्याने ते मंजूर धरले गेले होते. पण त्यांत राज्याच्या कायद्यात न बसणारं स्पोर्ट्स बेटिंग होतं.

दुसरा कागद जमिनीचा. १७ ऑक्टोबर १९८८ नंतर केंद्राने जमातीसाठी ट्रस्टमध्ये, म्हणजे जमातीच्या वतीने स्वतःच्या नावावर, घेतलेल्या जमिनीवर, काही अपवाद वगळता, जुगार चालत नाही. त्यातल्या एका अपवादात इंटीरियर सचिव (आपल्याकडच्या भाषेत त्या खात्याचे मंत्री) दोन गोष्टी ठरवतात: जमातीचं हित आहे, आणि आजूबाजूच्या वस्तीला अपाय नाही. त्यावर गव्हर्नरची संमती लागते. मुदत एक वर्ष, मागितल्यास आणखी १८० दिवस. इथे मौन म्हणजे नकार. कराराच्या वेळी खात्याचं मौन म्हणजे मंजुरी. नेमकं उलट.

कॅलिफोर्नियाची राज्यघटना करारांना विधिमंडळाची मान्यता मागते, संमतीबद्दल काहीच बोलत नाही. तरी गव्हर्नर स्वतःच संमती देऊ शकतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं.

अडलं तर? करार फिसकटला तर कधीकधी पर्याय उरतो. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ फोर्क जमातीचा करार २०१४ मध्ये मतदारांनी फेटाळला. जमात कोर्टात गेली आणि २०१६ मध्ये इंटीरियर खात्याने कराराऐवजी स्वतःची नियमावली लागू केली. शिवाय करार नसतानाही दुसऱ्या वर्गातला बिंगो चालवता येतो. पण ज्या जमिनीला संमती लागते तिथे ती मिळाली नाही, तर बिंगोही नाही.