चरकपूजेचे एचिंग : पार्श्वभूमी

बगाड पाहिलेल्या वाचकाला चरकाची, म्हणजे माणसाला टांगून गोल फिरवणाऱ्या उंच खांबाची, रचना समजावून सांगायला नको. बंगालात हा विधी चैत्र संक्रांतीचा. अँटवर्पहून १७९१ मध्ये कलकत्त्यात आलेल्या एका चित्रकाराने या विधीची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. १७९९ पर्यंत कलकत्त्यात या चित्रकाराच्या एकूण २५० चित्रांचा संग्रह निघाला. पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ दरम्यान त्याने पत्रे नव्याने केले आणि चित्रे २८८ झाली. मधल्या काळात लंडनमध्ये ६० चित्रांची आवृत्ती निघाली, तीही त्याला न विचारता.

मराठी नोंदींत अशा पत्र्यांवरून कागदावर घेतलेल्या छापांना सर्रास ‘कोरीव चित्र’ म्हणतात. ते चूक आहे. कोरणीच्या कामात हात धातू कापतो. एचिंगमध्ये ते काम आम्ल करते. पत्रा तापवून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ लेप देतात, तो धुराने काळा करतात आणि सुईने रेघा ओढतात. सुईने निघतो तो फक्त लेप. मग पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक आम्लात जातो. रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने झाडत राहिले नाही तर रेघ कुठे खोल, कुठे उथळ खाल्ली जाते. फिक्या हव्या असलेल्या रेघांवर वेळीच व्हार्निश लावून पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. लेपाला बारीक चीर गेली तरी चित्रातल्या मोकळ्या आकाशात नको ते ठिपके उमटतात. शंका असेल तर भिंग घ्यावे : आम्लाची रेघ बोथट संपते, कोरणीची निमुळती.

याहून महागात पडते ती उलटापालट. छाप पत्र्याच्या उलट येतो. चित्रकाराने पत्र्यावर आरसाप्रतिमा काढली नसेल, तर पुजाऱ्याचा उजवा हात कागदावर डावा होतो. म्हणून निव्वळ छापावरून ‘डाव्या हाताने पूजा’ किंवा चरक फिरण्याची दिशा ठरवू नये. विधीच्या चित्रात ही चूक क्षुल्लक नाही.

बंगाल सरकारने १८६५ मध्ये पाठीत गळ टोचून फिरण्यास मनाई केली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी गळाऐवजी कमरेला कापड बांधून माणसे फिरू लागली. चित्राखाली मात्र ‘बंद पडलेली चरकपूजा’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. मनाई गळाला होती, पूजेला नव्हती. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात चरकाचे खांब अजून उभे राहतात, काही गावांत गळासकट.