गोल पृथ्वी वर्गात कशी आली

पृथ्वी गोल आहे. ती स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते. प्राथमिक शाळेत ही वाक्यं एका दमात शिकवली जातात आणि मुलं ती तशीच एका दमात म्हणूनही दाखवतात. इतिहासात मात्र ती एकत्र आली नाहीत. गोलाईचा पुरावा दोन हजारांहून अधिक वर्षं हाताशी आहे, तर पृथ्वी फिरते याचा ठोस पुरावा मिळून जेमतेम तीनशे वर्षं होतायत.

गोलाईचं प्रकरण तसं लवकर मिटलं. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली दरवेळी वर्तुळाकारच असते आणि उत्तर-दक्षिण प्रवास केला की वेगळे तारे दिसू लागतात, हे दोन्ही मुद्दे ॲरिस्टॉटलने मांडले होते. तेराव्या शतकात साक्रोबोस्कोने लिहिलेलं खगोलाचं छोटं पाठ्यपुस्तक युरोपातल्या विद्यापीठांत सुमारे चारशे वर्षं चाललं. त्यातही पृथ्वी गोलच आहे, फक्त ती विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे. कोलंबसाच्या आधी सगळे पृथ्वी सपाट मानत होते, ही नंतर रचलेली कथा आहे. ती अजून शिकवली जाते याचं नवल वाटतं.

खरा घोळ होता तो गतीचा. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलं की, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला हे पटलं नाही. पृथ्वी अशी गरगर फिरत असती, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यापर्यंत परत कसे पोहोचले असते, असा त्याचा सवाल होता. ब्रह्मगुप्तानेही आर्यभटाला विरोध केला आणि पुढच्या काही टीकाकारांनी तर त्या श्लोकाचा अर्थच फिरवून टाकला.

तिसरी-चौथीतलं मूल विचारतं, ‘मी उडी मारली तर जमीन खालून पुढे का जात नाही?’ वर्गात हसू पिकतं. पण हा वराहमिहिराचाच प्रश्न आहे आणि तो चांगला प्रश्न आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. त्याचा धक्का का बसत नाही, हे गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन समजावलं. संथ पाण्यातून एकाच वेगाने जाणाऱ्या जहाजात उडी मारली तर माणूस जिथल्या तिथेच पडतो, कारण जहाजाचा वेग त्याच्यातही असतो. गंमत म्हणजे पृथ्वी फिरते याचा पुरावा म्हणून त्याच ग्रंथात त्याने भरती-ओहोटी पुढे केली. तो पुरावा साफ चुकीचा होता.

पुरावे आले ते नंतर. १७२९ मध्ये ब्रॅडलीने दाखवून दिलं की पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्यांची जागा वर्षभरात किंचित हललेली दिसते. १८३८ मध्ये बेसेलने एका ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा फरक, मोजला. हे दोन्ही पुरावे सूर्याभोवतीच्या भ्रमणाचे होते आणि दुर्बीण वापरणाऱ्या तज्ज्ञांपुरतेच होते. परिवलन लोकांना डोळ्यांनी दिसलं ते १८५१ मध्ये. पॅरिसच्या पँथेऑनमध्ये फुकोने ६७ मीटर लांब तारेला २८ किलोंचा गोळा टांगून झुलवला. झोक्याची दिशा तासातासाला सरकत गेली, कारण खालची जमीन वळत होती.

त्याच्या आधी, १८३०च्या दशकात, भोपाळजवळच्या सिहोरमध्ये लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी आणि सुबाजी बापू हे पंडित मिळून एक वेगळा प्रयोग करत होते. पुराणांतली सपाट पृथ्वी मानणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी थेट कोपर्निकस सांगितला नाही. आधी संस्कृत सिद्धान्तग्रंथांतली गोल पृथ्वी, ती पटली की मग सूर्याभोवती फिरणारी. शिकवण्याची इतकी समंजस पद्धत मला या इतिहासात दुसरी आढळत नाही.

शाळांच्या वाट्याला मात्र प्रतिकृती आणि आकृत्या आल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दाते फिरवून ग्रह हलवणारं ‘ऑररी’ हे यंत्र बनलं आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्या पुढे वर्गांत पोहोचल्या. गती दाखवायला ते उत्तम होतं, पण त्यात अंतरं साफ खोटी होती. ३० सेंटिमीटरचा पृथ्वीगोल घेतला तर चंद्र नऊ मीटरवर ठेवावा लागेल आणि सूर्य साडेतीन किलोमीटरवर. पुस्तकातली कक्षेची आकृतीही अशीच फसवी. तिरकस कोनातून काढल्यामुळे कक्षा चांगली लांबुळकी दिसते. प्रत्यक्षात ती दहा सेंटिमीटर रुंद काढली, तर लांबी-रुंदीत एका केसाच्या जाडीइतकाही फरक पडणार नाही. ही आकृती पाहून मूल सहज ठरवतं की, पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. वास्तविक ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात हिवाळा असताना. ऋतू होतात ते अक्ष सुमारे साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. १९८७ मधल्या एका माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभातल्या पदवीधरांना ऋतूंचं कारण विचारलं, तर बहुतेकांनी अंतराचंच उत्तर दिलं.

मुलांच्या डोक्यात नेमकी कोणती पृथ्वी असते, याचा पद्धतशीर शोध १९७०च्या दशकात सुरू झाला. नुसबाउम आणि नोव्हाक यांचं काम १९७६चं. पुढे १९९२ मध्ये व्होस्नियाडू आणि ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या ६० शाळकरी मुलांना प्रश्न विचारले आणि चित्रंही काढायला लावली. काहींच्या मते पृथ्वी पोकळ गोळा होती आणि माणसं आत, सपाट तळावर राहत होती. काहींच्या दोन पृथ्व्या होत्या, आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली ती गोल. शिक्षकांचं वाक्य आणि डोळ्यांना दिसणारी जमीन, दोन्हींचा मान राखून मुलांनी काढलेली ही तडजोड आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तो सगळ्यांनी मानला नाही. चित्र काढायला न लावता तयार प्रतिकृतींतून निवड करायला सांगितली, तर बरीच लहान मुलंही गोल पृथ्वीच उचलतात, असं ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळलं. त्यांच्या मते पोकळ आणि दुहेरी पृथ्व्या बऱ्याच अंशी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून निपजल्या होत्या.